भाऊबीजेच्या पंगतीचे गोड : पाडव्यालाच व्हावे, पुरीवाचून चालावे

दिवाळीचे पहिले दिवस फराळाचे असतात. भाऊबीजेची रात्र मात्र जेवणाची असते. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम आपली बहीण यमुना हिच्या घरी जेवावयास गेला, अशी कथा आहे. त्यावरूनच या तिथीला यमद्वितीया असे नाव मिळाले आणि भावाने त्या दिवशी स्वतःच्या घरी न जेवता बहिणीच्या हातचे जेवावे, असा संकेत रूढ झाला. शहरांतून आणि उपनगरांतून विखुरलेल्या कुटुंबांसाठी ही रात्र आता वर्षातून एकदा सारे एकत्र बसण्याचे निमित्त झाली आहे. दोन भाऊ, भावजया, त्यांची मुले, आईवडील, एखादी आत्या असे दहा-बारा जण दोन खोल्यांच्या घरात जमतात. ज्या बहिणीसाठी ते जमतात, ती मात्र ओवाळणी आटोपताच ओट्यापाशी जाते आणि सर्वांची पाने होईपर्यंत बाहेर येत नाही.

याचा दोष सहसा सणाच्या धावपळीला दिला जातो. प्रत्यक्षात मसालेभात, आमटी, भाजी, कोशिंबीर हे सारे संध्याकाळपूर्वीच उरकलेले असते. बहिणीला ओट्याशी बांधून ठेवते ती पुरी. श्रीखंड म्हटले की पुरी आली, बासुंदी म्हटली की पुरी आली, आणि पुरी गरमच हवी हेही ओघानेच आले. गोडाचा पदार्थ ‘सोपा’ म्हणून निवडावा आणि त्याच्या जोडीला पन्नास पुऱ्या तळाव्यात, हा हिशेब कोठेच बसत नाही. भाऊबीजेचे गोड निवडताना पहिली कसोटी हीच असावी की, ते वाटी-चमच्याने खाता यावे. पोळी, घडीच्या चपात्या किंवा भात जेवणाला असतोच. गोड त्यानंतर स्वतंत्रपणे आले, तर त्याचा मान कमी होत नाही, उलट वाढतो.

दुसरी कसोटी जिभेची. नरक चतुर्दशीपासून घरात करंज्या, चकल्या, शेव, शंकरपाळे, बेसनाचे आणि रव्याचे लाडू यांचीच वर्दळ असते. हे सारे तुपातले, तळलेले किंवा भाजलेले आणि कोरडे. भाऊबीजेपर्यंत जीभ त्याला कंटाळलेली असते. अशा वेळी गुलाबजाम किंवा गरम हलवा कितीही उत्तम झाला तरी दुसऱ्यांदा मागितला जात नाही. तेव्हा हवे असते ते थंड, मऊ आणि शक्य असल्यास किंचित आंबूस काही. तिसरी कसोटी वेळेची : पदार्थ पाडव्याच्या संध्याकाळी करून ठेवता यावा आणि रात्रभर मुरल्याने तो बिघडण्याऐवजी सुधारावा.

या तिन्ही कसोट्यांना पूर्णपणे उतरणारा पदार्थ श्रीखंडच. तयार चक्का आणि तयार श्रीखंड बाजारात मुबलक मिळत असल्याने घरचे श्रीखंड करणे मागे पडले आहे. परंतु या पदार्थात हाताचे काम फार थोडे असते, बाकीचे काम वेळ करतो. दहा जणांसाठी दोन किलो घट्ट, साईच्या दुधाचे दही पुरते. त्याचा आठशे-नऊशे ग्रॅम चक्का पडतो. दही पातळ असेल तर याहून कमी. फडक्यात बांधून नळाला टांगण्याची जुनी रीत थंडीत ठीक आहे. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली आणि मुंबई-ठाण्याचा उकाडा अजून ओसरला नसला, की टांगलेले दही सकाळपर्यंत आंबते आणि ती आंबट चव साखरेने झाकावी लागते. त्याऐवजी मोठ्या पातेल्यावर पुरणाची किंवा पीठ चाळण्याची चाळणी ठेवून तीत दुहेरी मलमल अंथरावी, दही ओतून फडक्याची टोके वर दुमडावीत, वर एक ताटली आणि ताटलीवर पाण्याचा तांब्या ठेवून सारे फ्रीजमध्ये सरकवावे. दहा-बारा तासांत घट्ट आणि गोडसर चक्का तयार होतो. खाली साठलेले पाणी टाकून देऊ नये. दुसऱ्या दिवशीची कणीक भिजवण्यास किंवा कढीत घालण्यास ते उत्तम.

चक्क्यात साखर घातल्याबरोबर मिश्रण सैल पडते आणि नवख्या हाताला वाटते की काहीतरी चुकले. तसे काही नसते. साखर चक्क्यातील पाणी ओढून घेते आणि विरघळते, म्हणून तो पातळ दिसतो; फ्रीजमध्ये चार-सहा तास राहिला की पुन्हा घट्ट होतो. दाणेदार साखर घातली असेल तर तासभर झाकून ठेवावी आणि मग मिश्रण पुरणयंत्रातून काढावे. घरात पुरणयंत्र नसेल तर बारीक चाळणीवर डावाने घासून काढले तरी चालते. मिक्सरमध्ये मात्र फिरवू नये; चक्का चिकट होतो आणि त्याचा रवाळपणा जातो. केशर चमचाभर कोमट दुधात अर्धा तास भिजवून घालावे. वेलचीबरोबर थोडे जायफळ किसून घातले तर श्रीखंडाला जो भारदस्तपणा येतो, तो दुसऱ्या कशाने येत नाही.

प्रश्न साखरेच्या प्रमाणाचा आहे, आणि येथे परंपरेपासून थोडे दूर जाण्यास हरकत नाही. अनेक घरांत किलोभर चक्क्याला पाऊण किलो साखर घेतली जाते. याचा अर्थ शंभर ग्रॅमच्या वाटीत सुमारे त्रेचाळीस ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावे. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे साधारण पन्नास ग्रॅम होतात. म्हणजे एका वाटीतच दिवसाचा बहुतेक कोटा संपला. पाऊण किलोऐवजी अर्धा किलो साखर घेतली तर वाटीतली साखर तेहतीस ग्रॅमपर्यंत उतरते आणि चक्का आंबट नसेल तर खाणाऱ्याला फरक जाणवतही नाही. दही फ्रीजमध्ये गाळण्याचा खरा फायदा हा आहे.

हा मुद्दा केवळ काटेकोर लोकांपुरता नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटींच्या घरात असल्याचा अंदाज देण्यात आला. दहा-बारा जणांच्या पंगतीत एखादा तरी मधुमेही असणार, हे आता गृहीतच धरावयास हवे. त्याच्यासाठी वेगळे ‘शुगर फ्री’ काहीतरी करून ते त्याच्या पानात सर्वांदेखत वाढणे, यात काळजीपेक्षा अवघडलेपणच अधिक असतो. सर्वांसाठीच साखर कमी करावी आणि वाट्या लहान घ्याव्यात. किती खावे, हे ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे मधुमेहींना चालतो, हा समज मात्र काढून टाकणे बरे. रक्तातील साखरेच्या दृष्टीने दोहोंत मानण्याजोगा फरक नाही.

आम्रखंडाचा मोह अनेकांना होतो. पण दिवाळीत आंबा डब्यातलाच असतो. या ऋतूचे फळ सीताफळ. बालाघाटाच्या डोंगररांगांतले बीडचे सीताफळ, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पुरंदरच्या बाजूची सीताफळे या दिवसांत शहरांच्या बाजारांत येतात. दिवाळी लवकर असेल तर ती ऐन बहरात सापडतात. अधिक मास असलेल्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरकडे सरकते, तेव्हा हंगाम उतरणीला लागलेला असतो आणि फळ निवडून घ्यावे लागते.

सीताफळाची बासुंदी ही दिसायला राजेशाही आणि करायला साधी. दोन लिटर म्हशीचे दूध आटवून एक लिटरवर आणावे. त्यासाठी उंच पातेले न घेता पसरट कढई घ्यावी. पृष्ठभाग जितका मोठा तितकी वाफ लवकर जाते आणि दीड तासाचे काम तासाभरात होते. साखर दूध आटल्यावरच घालावी. आधी घातली की दूध तळाला लागण्याचा धोका वाढतो. दूध आटताना त्यातली मूळची गोडीही घट्ट होते आणि सीताफळ स्वतःच गोड असते. त्यामुळे एक लिटर आटवलेल्या दुधाला शंभर ग्रॅम साखर पुरेशी आहे.

यानंतरचा नियम मोडू नये असा आहे. सीताफळाचा गर कधीही गरम दुधात घालू नये आणि दुधाबरोबर उकळू नये. उष्णतेने या गराला कडवट चव येते आणि सारी बासुंदी वाया जाते. दूध पूर्ण थंड झाल्यावर, किंबहुना फ्रीजमधून काढल्यावर, त्यात गर मिसळावा. मध्यम आकाराची पाच-सहा पिकलेली फळे पुरतात. बिया काढण्यासाठी गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर चमच्याने हलके घासावा. बिया वर राहतात. मिक्सरच्या पात्यांनी बिया फुटतात आणि फुटलेली बी पोटात जाणे चांगले नाही. हे चाळण्याचे काम मुलांना द्यावे. ती निम्मा गर खातात, हे धरून एक फळ जास्त आणावे. वेलची, जायफळ, केशर यांपैकी काहीही घालू नये. सीताफळाला त्याचा स्वतःचा सुगंध पुरतो.

सीताफळे चांगली मिळाली नाहीत तर हाच नियम नागपुरी संत्र्याला लावता येतो. आंबिया बहराची संत्री ऑक्टोबरपासून येऊ लागतात. पाकळ्यांच्या साली आणि बिया काढून, आतल्या रसाळ केसऱ्या थंड आटवलेल्या दुधात वाढतेवेळीच सोडाव्यात. गरम दुधात घातल्यास संत्र्याच्या आंबटपणाने दूध फाटते. बंगालमध्ये हिवाळ्यात हीच खीर ‘कमला’ या संत्र्याच्या बंगाली नावाने केली जाते.

बंगालचा उल्लेख येथे केवळ फळापुरता नाही. महाराष्ट्रात भाऊबीज असते त्याच तिथीला बंगाली घरांत भाईफोटा साजरा होतो. बहीण भावाच्या कपाळी टिळा लावते आणि मग मिठाईने भरलेली थाळी त्याच्यासमोर येते. बंगालच्या गोड पदार्थांत एक असा आहे, जो महाराष्ट्रात मुद्दाम ओळख करून द्यावा असा आहे. त्याचे नाव ‘भापा दोई’, म्हणजे वाफवलेले दही. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, तितक्याच वजनाचे अर्धवट गाळलेले घट्ट दही आणि एक पेलाभर दूध एकत्र घुसळावे. यात वेगळी साखर घालण्याची गरज नाही. कंडेन्स्ड मिल्कमध्ये वजनाच्या चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक साखर असतेच. वेलचीपूड घालून मिश्रण स्टीलच्या लहान वाट्यांत ओतावे आणि प्रत्येक वाटी झाकावी, नाहीतर वाफेचे पाणी आत पडते. इडलीपात्रात किंवा शिटी काढलेल्या कुकरमध्ये मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे वाफवावे. मध्यभागी सुरी घालून पाहावी. ती कोरडी निघाली की झाले. आच मोठी ठेवली तर दह्याला जाळी पडते आणि पाणी सुटते. थंड झाल्यावर वाट्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात.

हा पदार्थ खाताना मराठी माणसाला हमखास खरवसाची आठवण होते. शहरात चीक मिळणे दुर्मिळ झाल्यापासून ज्यांच्या तोंडी खरवस लागलेला नाही, अशी घरातील वडीलधारी मंडळी भापा दोईवर विशेष खूश असतात, असा अनेक घरांचा अनुभव आहे. वरून पिस्त्याचे काप आणि दोन केशरकाड्या ठेवल्या, की ते मिठाईच्या दुकानातून आणल्यासारखे दिसते. कृतीत प्रत्यक्ष काम आहे ते दहा मिनिटांचे.

दूध-दह्याचे पदार्थ ज्यांना सोसत नाहीत, त्यांच्यासाठी उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. गोव्यात नरक चतुर्दशीच्या सकाळी पोह्यांचे अनेक प्रकार करतात. त्यांतील ‘रोसातले फोव’ म्हणजे नारळाच्या दुधातले गुळाचे पोहे. कोकणातही दिवाळीत नव्या भाताच्या पोह्यांचा मान आहे. हा सकाळचा पदार्थ रात्रीच्या जेवणानंतर थंड करून दिला तर त्याचे रूपच बदलते. दहा जणांना दोन मोठ्या नारळांचे दूध, दोनशे ग्रॅम किसलेला गूळ आणि तितकेच पोहे पुरतात. गायी-म्हशीच्या गरम दुधात गूळ घातला की ते बहुधा फाटते. नारळाच्या दुधाला तो धोका नसतो, म्हणूनच कोकण-गोव्याच्या गोडांत ही जोडी इतकी पक्की आहे. हे दूध तापवायचेही नाही. त्यात गूळ विरघळवून, गाळून, वेलची आणि चिमूटभर मीठ घालून फ्रीजमध्ये ठेवावे. पोहे मात्र जेवण अर्ध्यावर आले असताना धुऊन निथळत ठेवावेत आणि वाढतेवेळी मिसळावेत. आधी मिसळले तर ते सारे दूध पिऊन टाकतात आणि वाटीत लगदा उरतो. नारळाचे दूध लवकर उतरते, त्यामुळे ते पाडव्याच्या रात्री न काढता भाऊबीजेच्या दुपारी काढणे योग्य. तयार नारळाच्या दुधाचा डबा आणल्यास सोपे होते. चव थोडी उणी राहते, हे मान्य केले पाहिजे.

डब्यांत उरलेल्या फराळाचे काय, हाही प्रश्न याच रात्री पुढे येतो. चिरोटे उरले असतील तर ती संधी आहे. कर्नाटकातील लग्नाच्या पंगतीत चिरोट्यावर पिठीसाखर पेरून वर बदामाचे दूध ओततात. बदाम भिजवून, सोलून, वाटून आटवलेल्या केशरी दुधात मिसळावेत, थंड करावेत आणि प्रत्येक वाटीत एक चिरोटा कुस्करून त्यावर हे दूध आयत्या वेळी ओतावे. उरलेला फराळ वाढल्याची शंकाही कोणास येत नाही. बेसनाच्या लाडवाचा चुरा श्रीखंडाच्या वाटीत तळाशी घालणे हा प्रयोगही वाईट नाही. चकलीबाबत मात्र असे काही सुचवता येत नाही.

साखरभात, नारळीभात, दुधी हलवा हे पदार्थ सणाला शोभणारे खरे; परंतु ते गरम असताना उत्तम आणि गार झाल्यावर तुपाने थिजणारे आहेत. आयत्या वेळी पुन्हा गरम करण्याची तजवीज असेल तरच त्यांच्या वाटेला जावे. कस्टर्ड पावडरीचे फ्रूट सॅलड मुलांना आवडते. त्याबद्दल इतकेच की, केळी आणि सफरचंद आधी कापून ठेवली की काळी पडतात.

आगारातील घट्ट पुडिंग करणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. बाजारात ‘चायना ग्रास’ या नावाने मिळते ते आगार समुद्री शेवाळापासून बनते आणि शाकाहारी आहे. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. पंगतीत शाकाहारी पाहुणे असतील तर वेष्टन वाचूनच पाकीट घ्यावे. शिवाय ताजे अननस घातल्यास जिलेटिन घट्टच होत नाही, कारण अननसातील पाचक द्रव्य त्यातील प्रथिने तोडते. आगारावर त्याचा परिणाम होत नाही. आगार चांगले उकळून पूर्ण विरघळवावे लागते. नंतर ते फ्रीजबाहेरही घट्ट होते आणि उकाड्यात वितळत नाही. भारनियमनाचा त्रास असलेल्या गावांत ही सोय मोठीच.

विकतचे गोड आणण्यात कमीपणा नाही, मात्र दिवाळीच्या आठवड्यात सावधगिरी हवी. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास योग्य आहे हे लिहिणे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक केले. तशी पाटी दिसत नसेल तर विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. खवा आणून घरी काही करावयाचे असेल तर थोडासा खवा पाण्यात उकळून, गार झाल्यावर त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर त्यात पिष्टमय भेसळ आहे. चांदीचा वर्ख दोन बोटांत चोळला की विरून जातो. ॲल्युमिनियमचा असेल तर त्याची बारीक गोळी होते. केशराचीही परीक्षा सोपी आहे. खरे केशर पाण्यात हळूहळू रंग सोडते आणि काडी बराच वेळ लालच राहते. रंगवलेले तंतू पाण्यात पडताक्षणी रंग सोडून फिके पडतात. या तिन्ही परीक्षांना मिळून पाच-दहा मिनिटे लागतात.

वेळापत्रक मांडायचे झाल्यास असे मांडता येईल. श्रीखंड करावयाचे असेल तर दही पाडव्याच्या सकाळीच गाळत ठेवावे, म्हणजे रात्री साखर आणि केशर घालून ते मुरत पडेल. बासुंदीचे दूध पाडव्याच्या संध्याकाळी आटवावे आणि गर दुसऱ्या दिवशी दुपारी मिसळावा. भापा दोई पाडव्याच्या रात्री वाफवून ठेवले की भाऊबीजेला त्याच्याकडे पाहावेही लागत नाही. या तीनपैकी एकच निवडावे. दोन गोडे केली की दोन्ही उरतात. कोणताही पदार्थ मोठ्या पातेल्यात न ठेवता आधीच वाट्यांत भरून, झाकून ठेवला तर वाढण्याचे काम कोणालाही सांगता येते आणि ते भावाला सांगण्यास काहीच प्रत्यवाय नाही.

अडचण उरते ती जागेची. दहा वाट्यांना फ्रीजचा एक सबंध कप्पा लागतो आणि दिवाळीत तो रिकामा नसतो. शेजारच्या घरातील एक कप्पा पाडव्यालाच मागून ठेवावा. दोन वाट्या तिकडेच राहतील, हे धरून बाराऐवजी चौदा भराव्यात.